काळ्या शिंगाड्याची लाल नळी

आमच्या गृहविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकीला दोन पदार्थ मिळत. एक प्रक्रिया केलेला, बाटलीत किंवा डब्यात भरलेला, आणि दुसरा रस्त्यावर, हातगाडीवर मिळणारा. दोन्हींत काय काय आहे ते प्रयोगशाळेत मोजायचं, तुलना करायची आणि वर्षअखेरीला टाइप करून, बांधून द्यायचं. तो प्रबंध मंजूर झाला नाही तर पदवी नाही. मॅडम यादी वाचत होत्या. कुणाला जॅम आणि पेरू, कुणाला बिस्किटं आणि फुटाणे. माझ्या नावापुढे त्यांनी वाचलं, टोमॅटो प्युरी आणि उकडलेला शिंगाडा.

मी मान खाली घालून वहीत लिहून घेतलं. शेजारच्या मुलीनं कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "मजा आहे तुझी. उरलेले शिंगाडे खाता येतील." मी हसले असेन. माझे वडील शिंगाडेच उकडतात हे वर्गात कुणाला माहीत नव्हतं.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. आम्ही शहराबाहेर वाडीला राहत होतो. अमरावती रोडवर तेव्हाही ट्रकांची रांग असायची आणि गोदामांसमोर दिवसभर माल चढत-उतरत असे. गावामागे एक तळं होतं. आम्ही ढिवर, तळ्यावर पोट भरणारे. आमच्या लोकांची चार-पाच घरं त्या तळ्यात शिंगाड्याची वेल लावत. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत तोडणी चाले. बाबा दोन मोठी मडकी बांबूला बांधून त्यावर बसत आणि पाण्यात वेल उलटी करत पुढे सरकत. आई अंगणात बसून प्रत्येक शिंगाड्याचे काटे विळीवर छाटून टाकी. मग ते मोठ्या लोखंडी कढईत उकडायचे, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि नाक्यावर नेऊन बसायचं. कुठून कुठून आलेले ड्रायव्हर कागदाच्या पुड्यात शिंगाडे घेऊन ट्रकच्या पायरीवर बसून खात. बाबांच्या शिंगाड्याला मागणी होती, कारण त्याचं साल काळंभोर आणि चमकदार असे. दुसऱ्यांचे शिंगाडे मळकट तपकिरी दिसत.

कॉलेजच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता तेव्हा मी 'शेती' असं लिहिलं होतं. तळं हे शेत धरलं तर ते खोटं नव्हतं. त्या वेळी मी स्वतःला असंच समजावलं होतं.

मॅडम पुण्याकडच्या होत्या. कडक होत्या, पण मन लावून शिकवायच्या. आरोग्य केंद्रात येणाऱ्या बाया फिक्या का असतात, त्यांना स्वस्तात काय खायला सांगावं, हा विषय त्यांनी मनावर घेतला होता. हिवाळ्यात टोमॅटो उतरले की विभागाच्या खाली जिथे फळं टिकवण्याची कामं चालत, तिथे त्या आमच्याकडून प्युरी करून घेत. टोमॅटो गरम पाण्यातून काढायचे, साल काढायचं, चाळणीतून गर दाबायचा, घट्ट होईपर्यंत आटवायचा आणि बाटल्या भरून पुन्हा उकळत्या पाण्यात ठेवायच्या. प्युरीचा एक मोठा तक्ता करून केंद्रात लावायचा त्यांचा विचार होता. त्यासाठी आकडे माझ्या प्रबंधातून मिळतील असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. रक्तासाठी लाल पदार्थ, ही गोष्ट लोकांना पटकन पटेल, असंही म्हणाल्या. मला ते खरंच वाटलं. आमच्याकडेही बाळंतिणीला बीट खा म्हणत.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "भेदऱ्याची पुरी? तेलात सोडते का वं?"

आमच्याकडे टोमॅटोला भेदरं म्हणतात. मी म्हटलं, "पुरी नाही, आई. गर. घट्ट आटवलेला."

"म्हंजे चटणीच म्हन ना. चटणीसाठी इतलं शिकाले लागते?"

बाबा हसले. "अन् दुसरं काय दिलं तुले?"

"शिंगाडा."

त्यांचं हसणं थांबलं. मग म्हणाले, "शिंगाड्यात काय मोजाचं हाय? पोट भरते, बस."

नमुना कुठून आणायचा हा प्रश्न मला पडलाच नाही. सकाळी कढईतून दोन ओंजळी शिंगाडे कापडी पिशवीत घ्यायचे आणि बसनं कॉलेजला जायचं. नोंदवहीत 'उकडलेला शिंगाडा, बाजारातील नमुना' असं लिहिलं. तेही खोटं नव्हतं, बाबा बाजारात बसतच होते.

काम चांगलं चाललं होतं. पाणी किती ते काढण्यासाठी दोन्ही नमुने भट्टीत वाळवले, थंड केले, तोलले, पुन्हा वाळवले. प्युरी घट्ट दिसली तरी तिच्यात बहुतेक पाणीच होतं. शिंगाड्यात पाणी कमी आणि पिष्ट भरपूर. प्रथिनं वजनाला वजन धरलं तर शिंगाड्यात जास्त निघाली. 'क' जीवनसत्त्व मात्र प्युरीत. ते मोजताना निळा रंग थेंब थेंब सोडायचा, तो गुलाबी होऊन टिकला की थांबायचं. प्युरी आधीच लाल असल्यामुळे हे ओळखणं मला जमत नसे. मॅडमनी स्वतः शेजारी उभं राहून तीनदा करून दाखवलं. शिंगाड्यात ते फारच थोडं होतं, उकडण्यात गेलं असणार.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती आणि ती मी भीत भीत विचारली. तुलना दोन्हींच्या सारख्या वजनाची करायची. पण इतकी प्युरी एकटं माणूस कधी खातं? आमच्या घरी दोन भेदरी सगळ्यांच्या भाजीला पुरत. उकडलेले शिंगाडे मात्र आई दिवसभर छाटता छाटता तोंडात टाके. मॅडम म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे. चर्चेच्या प्रकरणात लिही. आधी आकडे पूर्ण कर."

राहिलं होतं लोह. नमुना जाळून त्याची पांढरी राख करायची, ती आम्लात विरघळवायची आणि त्यात एक रसायन घालायचं. लोह असेल त्या प्रमाणात नळीत लाल रंग येतो. रंग जेवढा गडद तेवढं लोह जास्त. आधी माहीत असलेल्या द्रावणांच्या नळ्या ओळीनं लावून ठेवलेल्या असतात, त्यांच्याशी आपली नळी ताडून बघायची.

प्युरीच्या नळीत फिकट, जेमतेम दिसेल असा रंग आला. शिंगाड्याच्या नळीत रसायन घातलं आणि ती लालभडक झाली. लावून ठेवलेल्या सगळ्या नळ्यांपेक्षा गडद. मी खिडकीजवळ नेऊन पाहिली. लाल टोमॅटोची नळी फिकी आणि काळ्या शिंगाड्याची लाल. मला आधी आनंद झाला हे कबूल करते. आपल्या घरच्या वस्तूत एवढं काही असेल असं कधी वाटलं नव्हतं.

मॅडमना आनंद झाला नाही. त्यांनी पुस्तक उघडून शिंगाड्यापुढचा आकडा दाखवला. माझा आकडा त्याच्या कितीतरी पट होता.

"कोरी नळी घेतली होतीस? नमुना न घालता?"

"घेतली होती, मॅडम."

"शिंगाडा कशानं सोललास? सुरी लोखंडी होती का?"

सुरी लोखंडीच होती. मी पुन्हा केलं, या वेळी बांबूच्या काडीनं सोलून. नळी लालच. तिसऱ्यांदा सगळी भांडी आम्लानं धुऊन केलं. नळी लालच. शेजारची मुलगी तिच्या फुटाण्यांत गुंतली होती, पण लक्ष माझ्याकडे होतं. ती म्हणाली, "अगं, पुस्तकातला आकडा घाल आणि सुट्टी घे. मी प्रथिनांचा तसाच घातलाय."

"पण नळी लाल येऊन राहिली ना."

"नळी कोण बघणार आहे? परीक्षक आकडे बघतात."

ती वाईट मुलगी नव्हती. तिनं माझ्या भल्यासाठीच सांगितलं. आणि मी तसं करणारही होते, असं मला आता वाटतं. पेन्सिलनं पुस्तकातला आकडा समासात लिहूनही ठेवला होता.

पण दुसऱ्या दिवशी मॅडमनी कॉलेजच्या फाटकाजवळच्या बाईकडून शिंगाडे आणवले आणि स्वतःच्या हातानं तीच चाचणी केली. त्यांच्या नळीचा रंग फिकट आला, पुस्तकातल्या आकड्याला धरून. माझी नळी शेजारच्या स्टँडमध्ये तशीच होती. मॅडमनी दोन्हींकडे पाहिलं आणि मला विचारलं, "तू शिंगाडे कुणाकडून आणतेस?"

"वाडीहून, मॅडम."

"वाडीत कुणाकडून?"

मी नोंदवहीची पानं उलटत राहिले. त्यांना बहुतेक वाटलं की मी नमुनाच नीट आणला नाही, किंवा आकडे बसून रचले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एक आठवडा देते. या बाईच्या शिंगाड्याचे आकडे घालून प्रबंध पूर्ण कर, नाहीतर तुझ्या आकड्यांचं कारण घेऊन ये. ज्याचं कारण देता येत नाही तो आकडा मी परीक्षकांपुढे जाऊ देणार नाही. आणि तो काढायचा असेल तर तुझे तिन्ही वेळचे कागद फाडून टाक, फाइलमध्ये राहू देऊ नकोस."

सोपा रस्ता उघडा होता. फाटकाजवळच्या बाईचे शिंगाडे आणायचे, आठवडाभर काम करायचं, सगळं मंजूर. माझ्या शिंगाड्याबद्दल कुणाला काही सांगायला लागणार नव्हतं. बसमध्ये वाडी येईपर्यंत मी हाच विचार करत होते. फक्त एकच अडचण होती. तो लाल रंग मी तीनदा पाहिला होता आणि तो चुकीचा नव्हता.

घरी आले तेव्हा अंगणात कढई चुलीवर होती. मी तिच्याकडे पहिल्यांदाच प्रयोगशाळेतल्या भांड्याकडे पाहावं तसं पाहिलं. लोखंडाची, आतून गंजलेली कढई. फाटकाजवळची बाई जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्यात उकडत होती हे मला आठवलं. पाणी शाईसारखं काळं. आई मोठ्या झाऱ्यानं शिंगाडे खालीवर करत होती आणि झारा दरवेळी तळाशी कशावर तरी खणकन वाजत होता. तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते. तळाशी बैलाच्या पायाच्या दोन जुन्या लोखंडी नाली असत. गंजलेल्या. आई म्हणे की त्यानं कढईला नजर लागत नाही. बाबा म्हणत, नजर-बिजर काही नाही, त्यानं रंग चढतो. शिंगाड्याच्या सालात तुरटपणा असतो, म्हणजे टॅनिन. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग होतो. जुनी शाई अशीच करत, हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. मी ते पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं, आणि घरी येऊन त्याच कढईतले शिंगाडे खाल्ले होते.

काटे छाटलेल्या ठिकाणी साल उघडं पडतं. पाणी तिथून आत जातं. त्या टोकाशी पांढरा गर थोडा राखाडी झालेला असे, तो तर आम्ही नेहमीच पाहत होतो.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, मले या पाण्याची एक बाटली पायजे."

ते शिंगाड्यांवर गोणपाट टाकत होते. थांबले. "कोणत्या पाण्याची?"

"कढईतल्या."

"काहून?"

"कॉलेजात तपासाचं हाय."

त्यांचा चेहरा बदलला. आदल्या वर्षी नाक्यावरच्या एका दूधवाल्याच्या दुधाचा नमुना तपासणीवाल्यानं असाच बाटलीत भरून नेला होता. त्यानंतर तो दूधवाला तिथे पुन्हा दिसला नाही.

"कोन मांगून राहिलं? तुही मॅडम?"

"नाही. मीच."

"तुले काय कमी पडलं गा पोरी?" रागात किंवा लाडात ते मला मुलासारखं गा म्हणत. "शिंगाडे नेले, मी काई म्हटलं नाही. आता पानी. उद्या कढई नेशील, परवा मले नेशील."

आई झारा हलवत म्हणाली, "अवो, नेऊ द्या ना. पानीच तं हाय. एका बाटलीनं काय होते?"

"फेकत नाही आपन ते, म्हनूनच म्हनून राहिलो!" बाबा ओरडले.

मी त्यांना जमेल तसं सांगितलं. आपल्या शिंगाड्यात लोखंड उतरतं, ते खाण्यातलं लोखंड असतं, विष नाही, अंगात रक्त होण्यासाठी ते लागतंच. पण कॉलेजात वाटतं की मी खोटे आकडे लिहिले. कारण नाही दिलं तर माझं खरं काम काढून टाकावं लागेल. कुणी तपासणीवाला येणार नाही. हे शेवटचं मी म्हटलं खरं, पण ते मला नक्की माहीत नव्हतं. मला फक्त तसं वाटत होतं. बाबांनाही ते कळलं असावं.

ते बराच वेळ चुलीतलं लाकूड पुढेमागे करत राहिले. मग घरात गेले आणि औषधाची एक रिकामी बाटली घेऊन आले. स्वतः धुतली, स्वतः भरली, बूच लावलं, वर कापड बांधलं.

"सांडू नको बसमंदी," म्हणाले. "लोकायच्या कपड्यावर डाग पडला तं निघत नाही."

त्या पाण्याची चाचणी करायला फार वेळ लागला नाही. थोडंसं पाणी आटवून, जाळून, विरघळवून पाहिलं. नळी इतकी गडद झाली की मला ते द्रावण बरंच पातळ करावं लागलं. मॅडम जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

"ज्या पाण्यात शिंगाडे उकडतात ते. कढई लोखंडी आहे. आणि त्यात बैलाच्या नाली टाकलेल्या असतात, रंगासाठी."

"कुणाच्या कढईत?"

"माझ्या वडिलांच्या," मी म्हटलं.

शेजारची मुलगी फुटाणे कुटत होती. तिचा खलबत्ता थांबला. मॅडमनी नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "मग आधी का नाही सांगितलंस? दोन आठवडे वाया गेले." नंतर म्हणाल्या, "कार्यपद्धतीच्या प्रकरणात हे सगळं नीट लिही. तीन रकाने कर. प्युरी, पातेल्यातला शिंगाडा, कढईतला शिंगाडा."

त्या गेल्यावर शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "एवढे दिवस फुकट मिळाले असते गं शिंगाडे. सांगायचं नाही का?"

कार्यपद्धतीचं प्रकरण मी घरी बसून लिहिलं. शहरात सीताबर्डीला एका टायपिंगवाल्याकडून प्रबंधाच्या चार प्रती करून घेतल्या. बांधायला देण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, बाबांना ते पान वाचून दाखवलं. बाबांना वाचता येत नव्हतं. आपल्याविषयी काय लिहिलं ते त्यांना कळावं असं मला वाटलं. प्रबंध इंग्रजीत होता, म्हणून मी मराठी करून सांगत गेले. 'हा नमुना लेखिकेच्या वडिलांनी तयार केला. काटे छाटलेले शिंगाडे लोखंडी कढईत, रोजच्या ताज्या पाण्यात, दोन लोखंडी नालींसह उकडले.'

बाबा म्हणाले, "थांब. ताजं पानी कुठलं?"

मी बोट त्या ओळीवरून पुढे सरकवलं.

"पानी तेच रायते. कमी झालं का वरून टाकतो. दसऱ्याचं पानी संक्रांतीपर्यंत चालते. तुले मालूम नाही का?"

मला माहीत होतं. लिहिताना हात तिथे आपोआप वळला होता. 'वडिलांनी तयार केला' हे लिहिणं जमलं, कढई आणि नाली लिहिणं जमलं, पण पाणी महिनोन्‌महिने तेच असतं हे परीक्षकांनी वाचावं असं मला वाटलं नाही. त्यांना ते घाण वाटलं असतं.

"राहू द्या ना बाबा," मी म्हटलं. "कोणाले समजते?"

"समजते म्हनून नाही. त्यानंच तं रंग येते. ताज्या पान्यात नाली टाकून पाय तू, आठ दिवस काई होत नाही. जुनं पानी पायजे. तू लिहून राहिली का असं केलं म्हनून असं झालं. मंग जे केलं तेच लिही ना." मग म्हणाले, "अन् रोज उकळते ते. उकळलेलं पानी घान कसं रायल?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ताज्या पाण्यात तो आकडा आला नसता. दुसऱ्या कुणी माझी पद्धत वाचून तसंच केलं असतं तर त्याची नळी फिकी आली असती आणि माझे आकडे पुन्हा खोटे ठरले असते. ज्या माणसानं रसायनशास्त्राचं नावही ऐकलं नव्हतं त्यानं ही चूक पकडली आणि मी ते शास्त्र तीन वर्षं शिकत होते, हे मी इथे फक्त नोंदवते.

पुन्हा टाइप करायला वेळ नव्हता. मी चारही प्रतींत ते शब्द शाईनं खोडले आणि वर बारीक अक्षरात लिहिलं की पाणी हंगामभर तेच वापरलं, आटेल तेवढं वरून घातलं. बाबा शेजारी बसून चारही वेळा बघत होते.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून परीक्षक आले होते. वयस्कर, चष्मा कपाळावर ढकलून बोलणारे गृहस्थ. मॅडम बाजूला बसल्या होत्या. परीक्षकांनी प्युरीचं पान वाचलं, 'क' जीवनसत्त्वाबद्दल दोन प्रश्न विचारले, मग कार्यपद्धतीच्या पानावर थांबले.

"हे हातानं काय लिहिलंय?"

"चूक झाली होती, सर. वडिलांनी दुरुस्त केली."

"वडील रसायनशास्त्राचे आहेत?"

"नाही सर. ते शिंगाडे उकडतात."

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि ओळ पुन्हा वाचली. "हंगामभर तेच पाणी," असं स्वतःशीच म्हणाले. मी वाट बघत होते की आता ते तोंड वाकडं करतील. त्यांनी पान उलटलं, तीन रकान्यांचा तक्ता पाहिला आणि विचारलं, "लोह एवढं आहे. ठीक. पण ते अंगी लागतं का?"

मी म्हटलं, "खात्रीनं सांगता येत नाही, सर. सालातल्या टॅनिनशी ते बांधलं जात असावं. तसं असेल तर बरंचसं तसंच निघून जाईल. प्युरीत लोह कमी आहे, पण तिच्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे जेवणातलं दुसरं लोह शोषलं जायला मदत होऊ शकते. ते मी मोजलेलं नाही. मोजायची सोय नव्हती."

"तुमच्या घरी तर हंगामभर हेच खात असतील. काही फरक दिसतो?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. मला आई दिसली, विळीवर बसलेली, तोंडात शिंगाडा. मॅडम आम्हाला केंद्रात घेऊन जात तेव्हा बायांची खालची पापणी ओढून आतला रंग बघायला शिकवत. मी एकदा घरी आईची पापणी अशीच ओढून पाहिली होती, सहज, गंमत म्हणून.

"नाही सर," मी म्हटलं. "माझ्या आईचे डोळे फिकेच आहेत."

त्यांनी पानाच्या खाली काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं. मॅडमचा तक्ता पुढे कधी लागला नाही. लाल प्युरी रक्त वाढवते असं माझ्या आकड्यांवरून म्हणता येत नव्हतं आणि काळा शिंगाडा वाढवतो असंही म्हणता येत नव्हतं. मॅडमना वाईट वाटलं असेल, पण तसं त्या म्हणाल्या नाहीत. मला दुसरा वर्ग मिळाला.

निकालाच्या दिवशी घरी आले तेव्हा ऊन तापलं होतं. हंगाम केव्हाच संपला होता. कढई अंगणात पालथी घातलेली होती आणि दोन्ही नाली कुडाच्या खुंटीला टांगलेल्या होत्या. बाबा सावलीत बसून मडक्यांच्या बांबूला नवी दोरी वळत होते.

"काय म्हने तुहा तपासणीवाला?" परीक्षकांना ते तेच म्हणत.

"पास झाली."

"पान्याचं विचारलं?"

"विचारलं."

"मंग?"

"सांगितलं मी. तेच पाणी म्हणून."

त्यांनी मान हलवली आणि दोरीला पीळ दिला. थोड्या वेळानं वर न पाहता विचारलं, "पुढच्या साली नाली काढून टाकू का? पानी रोज बदलू? तू सांगशील तसं."

मला पटकन काहीतरी सांगावंसं वाटलं. शिकलेली मुलगी म्हणून ते मला पहिल्यांदाच काही विचारत होते. पण बदललेल्या पाण्यातला शिंगाडा आईच्या अंगी जास्त लागेल की कमी, हे मला माहीत नव्हतं.

"मले नाही सांगता येत, बाबा," मी म्हटलं. "तेवढं मी मोजलं नाही."

"मंग मोज अन् सांग," बाबा म्हणाले. "तवर राहू दे."